नऊ लाखांचा दाखला

माझ्या लेकीची फीमाफी नाकारली, कारण तिचा बाप कागदावर श्रीमंत निघाला. किती श्रीमंत, तर वर्षाला नऊ लाख कमावणारा. लेकीने तो मेसेज मला पाठवला तेव्हा मी क्लिनिकात काउंटरवर होते. समोरच्या बाई पोराच्या दातांना लावायच्या तारांचे हप्ते पाडून मागत होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, ठीक आहे, नवऱ्याचा पगार वाढलाय.

आता हे पहिल्यापासून सांगते. कारण त्या दहा दिवसांत मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याने मला मध्येच तोडून विचारलं, अगं पण असं होईलच कसं. होतं. आमच्यात होतं.

मी घाटकोपरला दातांच्या एका डॉक्टरांकडे रिसेप्शनवर आहे. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात, रविवारी अर्धा दिवस. घरात सगळ्यांना माहीत होतं, मला चौदा हजार मिळतात. आमचे हे मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका वर्कशॉपात लेथ मशीनवर, वीस-बावीस वर्षं झाली. त्यांचे पंचवीस. त्यात असल्फाच्या टेकडीवरची खोली, गावाला सासूबाईंची औषधं आणि एकुलती एक मुलगी. ती अभ्यासू आहे. सीईटीला तिने जीव काढला आणि सरकारी यादीतून अंधेरीच्या एका फार्मसी कॉलेजात तिचा नंबर लागला. वर्षाची फी एक लाख चाळीस हजार. आकडा मी तिला दोनदा वाचायला लावला, पण लेक म्हणाली, "आई, थांब ना. आपल्याला एवढी भरावी नाही लागणार."

कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत एक पान होतं. वर मोठ्या अक्षरात 'आर्थिक साहाय्य' आणि खाली तीन ओळी. फीमाफी, शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज. लेकीने मला बसवून समजावलं. फीमाफी म्हणजे मुलींची ट्यूशन फी सरकार परस्पर कॉलेजला देतं, आपण ती भरायचीच नाही, फक्त घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या, वर्षाला आठ लाखांच्या, आत हवं. शिष्यवृत्ती म्हणजे पैसे मुलीच्या खात्यात येतात, येतील तेव्हा. आणि कर्ज म्हणजे कर्ज. ते या यादीत काय करत होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. घेतलेलं व्याजासकट परत करायचं, त्याला साहाय्य म्हणायचं? मग आमच्या नाक्यावरचा वाणीही आम्हाला दर महिन्याला साहाय्यच करतो म्हणा की.

तर मुद्दा असा की सगळं एका कागदावर येऊन अडत होतं. उत्पन्नाचा दाखला. तहसीलदाराच्या सहीचा, चालू वर्षाचा. फीमाफीला तोच, शिष्यवृत्तीला तोच. आणि अगदी कर्जच काढायचं झालं, तरी शिकत असताना चढणारं व्याज सरकारने भरावं असं वाटत असेल, तर तिथेही तोच.

दाखला काढायचं काम ह्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. भटवाडीत ह्यांच्या गावच्या मंडळाची खोली आहे. एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला, मध्ये कॅरम, भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो, आणि दर रविवारी गावची पंधरा-वीस माणसं गजाली मारत बसलेली. मंडळाचे चिटणीस हुशार गृहस्थ, त्यांच्याकडे लॅपटॉप. ॲडमिशनच्या दिवसांत ते गावच्या सगळ्या पोरांचे अर्ज फुकट भरून देतात. मी त्यांना भावोजी म्हणते. ह्यांना ते धाकट्या भावासारखं मानतात. त्या रविवारी मला क्लिनिक होतं, म्हणून हे एकटेच गेले आणि दुपारी पावती खिशात घालून आले. म्हणाले, "झाला काम." पुढे पंधरा दिवसांनी दाखला ऑनलाइन आला. लेकीने बारकोड बघितला, सही बघितली आणि अपलोड करून मोकळी झाली. आकडा तिने वाचला नाही. मी तर कागदच बघितला नाही. बापाने काढलेला दाखला, त्यात काय वाचायचं.

आणि मग तो मेसेज. उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असल्याने अर्ज अमान्य.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी लेकीबरोबर कॉलेजात गेले. काचेमागच्या मॅडमनी कागद उलटा करून माझ्यासमोर धरला आणि आकड्यावर पेन ठेवलं. "नऊ लाख लिहिलंय तुम्ही. मी काय करू?" मी म्हटलं, मॅडम, हे चुकून झालंय. त्या म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात. दहा दिवसांत नवा दाखला आणा, नाहीतर पूर्ण फी भरा, नाहीतर सीट खालच्या नंबराला जाईल. हे सगळं त्या एका दमात बोलल्या, बेस्टच्या कंडक्टरने पुढचा स्टॉप सांगावा तशा. माझी पोर बाजूला उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते बाहेर पडू नये म्हणून ती छताकडे बघत होती.

काउंटरवरून वळलो तर पॅसेजमध्येच एका बँकेचं टेबल. मागे बॅनर, बॅनरवर हसणारी मुलगी डोक्यावर पदवीची टोपी घालून. टेबलावर चॉकलेटांची वाटी. टाय लावलेला एक पोरगा उठून उभा राहिला. "मॅडम, फीचं टेन्शन आहे का? या ना, बसा." बघा, मदत हवी तर आपण काचेपुढे उभं राहायचं, आणि कर्ज हवं तर खुर्ची. मी बसले. मुद्दाम बसले. दिवसभर लोकांना दातांचे हप्ते समजावून सांगणं हेच माझं काम आहे, मला काय शिकवणार.

हप्त्यांचा छापील कागद पुढे सरकवून तो म्हणाला, "कोर्स संपेपर्यंत एक रुपया भरायचा नाही."

मी विचारलं, "व्याज कधीपासून?"

"व्याज चालू राहतं, मॅडम. पण भरायचं नाही."

"चालू राहतं म्हणजे कोणाच्या खिशातून चालू राहतं?"

तो हसला. "ते मुद्दलात ॲड होतं. नंतर मुलगी कमावायला लागली की आरामात फेडेल."

"म्हणजे ती कॉलेजात बसलेली असताना कर्ज घरी बसून वाढणार. आणि त्याच्यावरचा हा विमा कसला लावलाय?"

"तो सगळेच घेतात."

"सक्तीचा आहे का?"

"सक्तीचा असा नाही."

"मग खोड तो." त्याने खोडला नाही, फक्त कागद आपल्या बाजूला सरकवला. मग मी सरकार व्याज भरतं त्या योजनेचं विचारलं. तो म्हणाला, "हो हो, आहे, उत्पन्नाचा दाखला जोडा." लेकीने माझा दंड धरला आणि म्हणाली, "चल आई." चॉकलेट आम्ही घेतलं नाही.

मला एवढंच म्हणायचंय, की अठरा वर्षांच्या पोरीला पहिल्याच दिवशी कॉलेजात कोण भेटलं, तर एक कर्ज देणारा. फीमाफी कशी मिळते हे सांगायला त्या अख्ख्या इमारतीत एक स्टूल टाकून माणूस बसवायची कोणाला गरज वाटली नाही. तिडीक जाते डोक्यात. आजही जाते.

पण त्या दिवशीची खरी तिडीक घरी जाऊन काढायची होती.

संध्याकाळी हे आले, पाय धुतले, खुंटीवरचा टॉवेल घेतला. मी दाखला चहाच्या कपाशेजारी ठेवला. म्हटलं, "अहो नऊ लाखवाले, चहात साखर किती घालू?"

त्यांनी कागदाकडे बघितलं आणि टॉवेल परत खुंटीला लावला. मग म्हणाले, "अगो, सगळे बसलले थंय. चिटणिसान मोठ्यान इचारल्यान, उत्पन्न किती लिवू. समोर तो पोस्टातलो, ज्याचो मुलगो विमानतळावर लागलोहा. तो बघीत होतो माझ्याकडे. काय सांगू?"

"खरं सांगायचं."

"थंय?"

"तिथे नाही तर कुठे? दाखला तिथेच काढत होतात ना?"

"महिन्याचे पंच्याहत्तर म्हणून गेलंय तोंडातून." आणि वर हळूच, "गावात तसाच म्हायत आसा."

गावात तसंच माहीत आहे. हे मात्र खरं. गावात आमचे हे सुपरवायझर. त्यांच्या हाताखाली बारा माणसं. मुंबईला ब्लॉक. ब्लॉक म्हणजे आमची टेकडीवरची खोली, जिच्या दारात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं. दरवर्षी गणपतीला आम्ही जातो आणि हे वाडीतल्या पोरांना फटाके वाटतात, भजनी मंडळाला बिदागी देतात, येताना रिकाम्या खिशाने येतात. मी कधी तोंड उघडलं नाही. उलट मीही त्या नाटकात होते. माझं गळ्यातलं दोन वर्षं गहाण होतं, तेव्हा मी बेंटेक्सचं घालून गेले आणि जावेने विचारलं, नवीन केलंस गं, तर मी हो म्हटलं. इतकं सफाईने म्हटलं की मलाच खरं वाटलं. पण मी ते जावेला सांगितलं होतं, तहसीलदाराला नाही. 

मी त्यांना नको नको ते बोलले. म्हटलं, तुमच्या मिशीला पीळ राहावा म्हणून पोरीने घरी बसायचं का. म्हटलं, त्या पोस्टातल्या माणसाला सांगा, या फी भरायला, बघू किती येतो. ते मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी लेक म्हणाली, "पुरे आता. कागद बदलून मिळतो का ते बघूया." ती पप्पांना एक शब्दही बोलली नाही. तो न बोललेला शब्द त्यांना माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागला, हे मला दिसलं, आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

त्यातच रविवारी मंडळाचा गुणगौरव. दहावी-बारावी पास झालेल्या पोरांचा सत्कार, तोही त्याच दुसऱ्या मजल्यावर. कॅरम उभा करून भिंतीला टेकवलेला, ओळीने खुर्च्या, माइक. माझ्या लेकीला शाल, श्रीफळ आणि पाकीट मिळालं. पाकिटात पाचशे एक. तिथवर ठीक. मग माइकवरून गरजू विद्यार्थ्यांच्या निधीला मदत करणाऱ्यांची यादी वाचायला घेतली आणि तिसरंच नाव आमच्या ह्यांचं. पाच हजार रुपये. टाळ्या.

मी शेजारी बघितलं. हे समोर बघत होते. म्हणजे माझ्या पोरीची सीट आठ दिवसांत जाणार, आणि तिचा बाप गरजू पोरांसाठी पाच हजार देणार. आणि त्याच निधीतून आम्हाला मदत मागायची सोय नाही, कारण आम्ही देणाऱ्यांच्या यादीत. मला हसू यायला लागलं. घाणेरडं हसू, जे दाबलं की डोळ्यांतून येतं. लेक म्हणाली, "आई, नको, लोक बघतायत." म्हटलं, बघू देत, त्यांच्यासाठीच चाललंय सगळं.

चहा-फरसाणाच्या गडबडीत मी चिटणीस भावोजींना गाठलं. म्हटलं, "भावोजी, तुम्हाला आमचं घर माहीत नाही? माझ्या खोलीत जेवलायत तुम्ही. नऊ लाख लिहिताना तुमचा हात कसा नाही अडखळला?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि मला बाहेर जिन्यात नेलं. म्हणाले, "वहिनी, रागावू नका. आत खोलीत कोणीच खरं सांगत नाय. मी मोठ्याने विचारतो, ते मोठ्याने सांगतात. कोणी साठ, कोणी सत्तर. मी लिहितो, पण सबमिट करत नाय. मग एकेक जण विडी ओढायला म्हणून इथे जिन्यात येतो आणि कानात खरा आकडा सांगतो. मी आत जाऊन बदलतो. गेली सात-आठ वर्षं असंच चाललंय."

म्हणजे या मंडळात प्रत्येकाचे दोन पगार. एक खोलीतला, एक जिन्यातला. आणि प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच जिन्यात जातो.

"मग आमचे हे?"

"भाऊ जिन्यात आलाच नाय," भावोजी म्हणाले. "मी दोनदा बाहेर येऊन उभा राहिलो. खुणावलंसुद्धा. तो म्हणाला, लिवलंय तां बरोबर आसा, धाड. मी काय करू? त्याला सगळ्यांच्या देखत खोटा पाडू?"

हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांना अक्कल होती, पोरांसाठी सगळे दोन पायऱ्या उतरले, आणि आमचा एकटा सुपरवायझर खुर्चीत बसून राहिला. घरी येताना मी त्यांच्याशी बोलले नाही. सोमवारी बोलले नाही. मंगळवारी सकाळी फक्त एवढंच म्हटलं, "आवरा. मुलुंडला जायचंय."

आमच्या भागाची तहसील कचेरी मुलुंडला. जुना दाखला रद्द करून नवा हवा, तर अर्जदाराने स्वतः हजर राहून जबाब द्यायचा. लेक आधार कार्डांच्या झेरॉक्स काढायला खाली थांबली आणि आम्ही दोघं वर गेलो. टेबलावर एक वयस्कर कारकून होते, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी जुना दाखला वाचला, ह्यांच्याकडे वरून खाली बघितलं. मला वाटलं आता हा माणूस पाणउतारा करणार. त्यांनी फक्त पेन उघडलं आणि विचारलं, "काम काय करता?"

हे म्हणाले, "गोडाऊनला आहे. लोडिंगला."

मी म्हटलं, "अहो, वर्कशॉप सांगा. ह्यांना लेथ मशीन…"

"गोडाऊनला," हे परत म्हणाले. "वर्कशॉप बंद झालं. दीड वर्ष झालं."

कारकुनांनी लिहिलं. "महिन्याला किती?"

"अकरा हजार."

मी त्यांच्या बाजूला उभी होते. दीड वर्षं. दीड वर्षं हा माणूस रोज सकाळी त्याच वेळेला त्याच डब्यासह मेट्रोने मरोळला जात होता आणि एक तारखेला माझ्या हातात पंचवीस हजार ठेवत होता. मी मनात वजाबाकी करत होते आणि ती जमत नव्हती. वरचे चौदा हजार कुठून? कोणाकडून आणले? किती झाले?

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर्कशॉपवाल्याने हिशेब दिला होता. तीन लाख. त्यातून घालत होतो." माझ्याशी ते मालवणीत बोलतात. हे ते शुद्ध बोलले, त्या कारकुनाला सांगितल्यासारखं. "अजून तीनेक महिने पुरले असते."

आता मला कळलं ते जिन्यात का गेले नाहीत. जिन्यात खरा आकडा सांगितला असता तर तो कागदावर आला असता आणि कागद घरी आला असता. जुने पंचवीस तरी सांगायचे होते म्हणावं, तर खोटं खोलीत मोठ्याने सांगता येतं, जिन्यात कानात नाही. नऊ लाखांवर मी ओरडले, हसले, टोमणे मारले. एक लाख बत्तीस हजारांवर मी काय केलं असतं, ते त्यांना बघायचं नव्हतं.

माझे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगते, मी चिडलेलीच होते. कोणावर ते विचारू नका. त्यांच्यावर, त्या वर्कशॉपवाल्यावर, त्या पोस्टातल्या माणसावर, आणि पोरीला शिकवायचं तर आधी आपली पडती बाजू चार लोकांत उघडी करून दाखवा म्हणणाऱ्या या सगळ्या कारभारावर. कर्जाला कोणी विचारत नाही तुम्ही किती पडलात. त्याला फक्त सही लागते.

एवढ्यात कारकून माझ्याकडे वळले. "आणि बाई, तुमचं?"

"माझं काय?"

"दाखला कुटुंबाच्या उत्पन्नाचा असतो. तुम्ही कमावता ना? किती?"

मी म्हटलं, "चौदा हजार."

त्यांनी पेन टेकवलं. "नक्की ना? एकदा बदलून घेताय, परत बदलायला येऊ नका. आणि पगाराचं पत्र जोडावं लागेल."

पगाराचं पत्र. डॉक्टरांच्या लेटरहेडवर, डॉक्टरांच्या सहीने. हे माझ्याकडे बघत होते, दीड वर्षात पहिल्यांदाच बघितल्यासारखे.

"अठरा," मी म्हटलं. "अठरा हजार."

तीन वर्षांपूर्वी पहिली वाढ झाली तेव्हाच मी ठरवलं होतं, घरात सांगायचं नाही. सांगितलं तर ते फटाक्यांत जाणार, बिदागीत जाणार, मंडळाच्या यादीत जाणार. वरचे पैसे मी पोस्टात टाकत होते. पासबुक क्लिनिकच्या ड्रॉवरमध्ये, रुग्णांच्या फायलींखाली. त्यात एक लाखाच्या वर साठले होते. त्या दिवशी काचेपुढे उभी राहून पोरीचे भरलेले डोळे बघताना ते मला आठवले नव्हते असं नाही. आठवले होते. मला वाटलं होतं, हे माझं आहे, हे शेवटचं, याला हात लावायची वेळ अजून आली नाही. आणि घरी येऊन मी त्या माणसाला बोलले की तुमच्या मिशीसाठी पोरीने घरी बसायचं का.

कारकुनांनी दोन्ही आकडे लिहिले, खाली बेरीज केली आणि कागद सहीला आमच्याकडे फिरवला. तीन लाख अठ्ठेचाळीस हजार. ह्यांनी सही केली, मी केली. दिसायला साधा कागद.

बाहेर जिन्यात आल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

ते दोन पायऱ्या उतरले, थांबले. म्हणाले, "चिटणिसाक सांगूक जिनो होतो. तुका सांगूक जिनो खंय होतो? एकच खोली आपली." मग वळून, रागाने नाही, "आणि तू माका?"

माझ्याकडे उत्तर होतं. फटाके, बिदागी, पाच हजार, सगळं होतं. दहा दिवस मी तेच घोकत होते. पण खालून लेक झेरॉक्सची पिशवी घेऊन वर येत होती, आणि तिच्यासमोर ते सांगायची मला लाज वाटली.

नवव्या दिवशी नवा दाखला आला. पाच हजारांची देणगी ह्यांनी भावोजींना भेटून मागे घेतली. जिन्यात भेटून की खोलीत, ते मी विचारलं नाही. पोस्टातलं खातं मोडून डेव्हलपमेंट फी, लॅबचा कोट आणि पुस्तकं, असं जे फीमाफीत बसत नव्हतं, ते आम्ही भागवणार होतो. ते लेकीला सांगितलं तेव्हा तिने हे पैसे कुठून आले एवढंच विचारलं. मी सांगितलं. मग पप्पांनी गोडाऊनचं सांगितलं.

मग तिने मोबाइलवर दाखला उघडला. आकड्यावर दोन बोटं ठेवून तो मोठा केला आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली.

"आता हे तरी खरं आहे ना?"

हे म्हणाले, "खरा." मी म्हटलं, "खरं."

तिने तो कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला, आणि मगच अपलोड केला.